कालव्यावरच्या आठ दिवसांचा बेत

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही इंग्लंडमधल्या एका कालव्यावर आठ दिवस होडीत राहायला जाणार होतो. होडीतच झोपायचं, होडीतच स्वयंपाक करायचा आणि होडी हाकायचीही आपणच. कोपरगावहून निघायच्या आधी शेजारणीला सांगितलं तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "काकू! या वयात?" मी म्हटलं, "अगं, माणूस चालतो त्या वेगानं जाते ती होडी. तुझ्या सासूबाई देवळात जातात ना, त्याहून हळू." ती हसली, मीही हसले. तेव्हा हसायला येत होतं.

हट्ट आमच्या ह्यांचा. हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, चौतीस वर्षं, त्यातली बहुतेक गोदावरीच्या कालव्यांवर. कालवा निरीक्षक म्हणजे काय ते जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. धरणातून पाणी सोडलं की पाळी सुरू झाली म्हणतात. मग ते पाणी एकेका चारीला, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या पाटाला, वाटत वाटत कालव्याच्या शेवटापर्यंत न्यायचं. त्या शेवटाला आमच्याकडे सगळे टेल म्हणतात, शाळेचं तोंड न पाहिलेला शेतकरीसुद्धा टेलच म्हणतो. आणि टेलला पाणी पोचणं सगळ्यात कठीण, कारण वरची माणसं गेट उचलून आधीच आपल्याकडे ओढून घेतात. हे आधी सायकलवर, पुढे मोटरसायकलवर भरावावरून हिंडायचे. भांडणं तर ठरलेली. एकदा गेटवर माणसं काठ्या घेऊन आली होती आणि हे गेटच्या चाकावर हात ठेवून बसून राहिले. खालून कोणीतरी येऊन "साहेब, पाणी पोचलं टेलला" असा निरोप दिला की मगच घरी जेवायला यायचे. माझी आमटी किती वेळा गरम झाली असेल त्याला गणती नाही.

खात्याच्या जुन्या बंगल्यात इंग्रजांच्या काळातलं एक चित्र टांगलेलं होतं. कालवा, त्यात लांबुडकी होडी, आणि ती होडी दोन दारांच्या मधल्या हौदात उभी. लग्नानंतर मला एकदा मुद्दाम दाखवायला नेलं होतं. म्हणाले, "बघ, ही होडी जिना चढते." मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. खालचं दार लावायचं, वरच्या दारातली झडप उचलून हौद भरायचा, पाणी चढतं तशी होडी चढते, आणि पाणी सारखं झालं की वरचं दार उघडून पुढे. त्याला लॉक म्हणतात. "आमचे कालवे बांधणारे हे असलं शिकून आले होते," ते म्हणाले. "एकदा तिथं जाऊन बघितलं पाहिजे." तेव्हा आम्हाला शिर्डीपलीकडे जायचं म्हटलं तरी रजेचा अर्ज लागायचा.

पुढे मुलगी शिकली, कॉम्प्युटरच्या नोकरीवर आयर्लंडला गेली आणि तिथेच मलिंगार नावाच्या गावात घर घेतलं. जावई आठवड्यातले तीन दिवस आगगाडीनं डब्लिनला जातात, बाकीचे दिवस दोघंही घरूनच काम करतात. एक नात, आता चौदा वर्षांची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घरापासून दहा मिनिटांवर चक्क कालवा निघाला! ह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. रोज सकाळी कानटोपी घालून काठाकाठानं चालून यायचे आणि रोज येऊन रागवायचे. "एवढं पाणी, काठोकाठ, आणि एकही चारी काढलेली नाही! नुसतं उभं पाणी!" मुलगी म्हणायची, "बाबा, इथं आभाळातूनच येतं ना रोज." तर म्हणायचे, "ते ठीक आहे गं, पण पाण्याला काही काम नको का?"

तिथेच त्यांना कळलं की इंग्लंडमध्ये तसल्या होड्या भाड्यानं मिळतात. नॅरोबोट. रुंदीला इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील, आणि लांबी आमच्या वाड्यातल्या बोळाएवढी. मुलीनं विचारलं, "मग इथल्याच कालव्यावर जाऊ या की, दारात तर आहे." ह्यांचं उत्तर तयार होतं. "हा चुलत आहे. मला सख्खा बघायचाय."

हे सगळं पाच-सहा वर्षांपूर्वीचं. मग मध्ये महामारी आली, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मग ह्यांचं सुरू झालं.

आधी किल्ल्या. मग दूधवाल्याला दोनदा हाक. मग एक दिवस बाजारातून पायी घरी आले आणि मोटरसायकल तिथेच राहिली, ती दोन दिवसांनी एका ओळखीच्या माणसानं आणून दिली. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल सुंदर काढला, आकडे मात्र सगळे एका बाजूला लिहिले, टेलला पाणी न पोचल्यासारखे. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "काही राहिलं असेल, कुठे जायचं, कोणाला भेटायचं, तर या एक-दोन वर्षांत करून घ्या."

ते मी मुलीला सांगितलं नाही.

हे लिहायला मला जड जातंय, पण लिहायला बसलेच आहे तर लपवून काय करू. मी तिला एवढंच म्हटलं, "वय झालंय गं, विसरतात थोडं." ती रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवायची. मी ह्यांच्या शेजारी बसायची. तिनं विचारलं, "बाबा, जेवलात?" की मी म्हणायची, "हो हो, भरीत केलं होतं, आवडलं त्यांना." हे हसून मान हलवायचे. ह्यांचं हसू तसंच राहिलंय, त्यानं मला फार मदत केली. आणि मीच विषय काढला, "अगं, त्या होडीचं काय झालं? ह्यांचा जीव आहे त्यात. यंदाच जाऊ या." मुलगी आनंदली. तिला वाटलं, आई कधी काही मागत नाही, आज मागतेय.

तीन महिन्यांचा व्हिसा झाला. त्याच व्हिसावर इंग्लंडलाही जाता येईल असा शिक्का मिळाला. ऑगस्टमधले आठ दिवस ठरले, होडी ठरली. डब्लिनहून गाडीसकट मोठ्या बोटीत बसायचं, पलीकडे उतरून तीन-चार तास गाडी हाकायची की आमची होडी.

मे महिन्याच्या शेवटी मलिंगारला पोचलो आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटलं की डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं. कालचं जेवण ह्यांना आठवायचं नाही, पण कालव्याच्या बाबतीत डोकं लख्ख. नात छापील नकाशाची पानं जोडून द्यायची आणि हे त्यावरून मोठ्या कागदावर आपल्या हातानं पुन्हा काढायचे, खात्यातल्यासारखा, पट्टी लावून, एकेक लॉक, एकेक पूल. एके ठिकाणी तो कालवा चक्क नदीवरून जातो, खाली नदी आणि वर पुलावर कालवा. तिथे त्यांनी लाल पेन्सिलीनं चौकट केली. "इथं थांबायचं," म्हणाले. "इथं मी उतरून गळती बघणार आहे."

"बाबा, गळती असली तर काय करणार?" जावयांनी विचारलं.

"रिपोर्ट करणार."

प्रवास कुठून कुठे, त्यावरही वाद झाला. होडीवाल्यांनी सांगितलेला सोपा रस्ता वरून खाली. हे म्हणाले, नाही, खालून वर जायचं, पाणी येतं कुठून ते शेवटी बघायचं. "शेपटाकडून सुरुवात केली की कालवा कळतो," म्हणाले. शेवटी तसंच ठरलं.

नातीची काळजी वेगळी. "आजी, इज देअर नो वाय-फाय ऑन द बोट?" तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र तिथल्या हेलातलं इंग्रजी. मी ह्यांना सांगितलं की ती बिनतारी इंटरनेटचं विचारतेय. तर म्हणाले, "बिनतारी? आमच्या प्रत्येक चौकीवर होता. हॅलो, ओव्हर, म्हणायचं." नात खो खो हसली, मग दोन दिवस घरभर दोघांचं "ओव्हर, ओव्हर" चाललं होतं.

माझ्याकडे अर्थातच शिधा. मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, भाजलेला रवा. दोन दिवसांच्या पोळ्या घरूनच, नंतर त्या चार बोटांच्या शेगडीवर खिचडी. मुलीनं होडीतल्या स्वयंपाकघराचे फोटो दाखवले. एवढंसं, पण प्रेस मात्र भरपूर. प्रेस म्हणजे तिथलं कपाट. मुलगी आता मराठीतही "डाळ प्रेसमध्ये आहे" म्हणते आणि मीही म्हणायला लागले होते. सगळं जमलं, फक्त संडासाची माहिती वाचून दाखवली तेव्हा मी खचले. खाली एक डबा असतो, तो भरला की आपणच उचलून न्यायचा आणि ठरलेल्या जागी रिकामा करायचा. "मी येत नाही," म्हटलं. "तुम्ही जा, मी घर सांभाळते." जावई म्हणाले, "आई, ते खातं माझ्याकडे." सोन्यासारखा माणूस आहे.

हे चाललेलं असताना अधूनमधून काही व्हायचं. एकदा हे जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "बंगला मोठा आहे, साहेब कोण आहेत इथले?" मी म्हटलं, "आहेत चांगले." एकदा नातीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी हसून नेलं. मला वाटायचं, एवढे दोन महिने निभावू देत. होडीत पाऊल ठेवलं, लोखंडी चाकाला हात लागला की सगळं जागच्या जागी येईल. माणूस बुडत असला की काय काय वाटतं ते सांगता येत नाही.

निघायला तीन आठवडे राहिले तेव्हा मुलगी म्हणाली, "रंगीत तालीम करू या." गावाबाहेर त्यांच्या कालव्यावरच एक लॉक आहे. रविवारी जेवून गेलो. जावई नातीला घेऊन तिच्या कॅमोगीच्या सामन्याला गेले होते, म्हणजे मुलींचा काठीचेंडूचा खेळ. आम्ही तिघंच. बारीक पाऊस होता, नेहमीचाच. आमचं नशीब म्हणा काय म्हणा, खालच्या बाजूनं एक होडी आली. आमच्याच वयाचं जोडपं. म्हातारा सुकाणूवर, बाई काठावर उतरलेली, हातात लोखंडी हँडल. झडपा उचलायला ते हँडल दात्यांच्या चाकाला लावून फिरवायचं असतं. मुलीनं तिला सांगितलं की माझे वडील भारतात कालव्यावर इंजिनिअर होते. इंजिनिअर नव्हते, पण असू दे. बाईनं कौतुकानं हँडल ह्यांच्या हातात दिलं.

आणि काय सांगू, कसे दिसत होते! पाठ सरळ झाली. होडी हौदात आली, खालची दारं लागली, हे वरच्या दाराशी गेले, वाकून पाण्याची पातळी बघितली, आणि झडप आधी जेमतेम चार बोटं उचलली. थांबले. होडी स्थिर आहे बघून आणखी चार बोटं. बाई मुलीला म्हणाली की वीस वर्षं होडी चालवतेय, इतक्या हळुवारपणे पाणी सोडणारा माणूस पाहिला नाही. मुलीनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. मी मनात म्हटलं, देवा, बघितलंस ना.

हौद निम्मा भरला असेल. हे तिथून निघाले आणि हँडल घेऊन सरळ खालच्या दाराकडे चालू लागले. मला वाटलं, बघायला जाताहेत. त्यांनी हँडल लावलं आणि खालची झडप उचलली. चार बोटं नाही, पुरती. मग पलीकडची.

वरून पाणी येतंय, खालून धो धो निघून चाललंय. होडी एकदम मागे ओढली गेली, भिंतीवर आपटली, आत भांडी फुटल्याचा आवाज आला. म्हातारा ओरडला. मुलगी धावली. "बाबा, नाही! बाबा, बंद करा!"

हे दारावरच्या फळीवर उभे. म्हणाले, "बंद करायचं नाही. टेलला आठ दिवस पाणी नाही."

"बाबा, इथं टेल नाहीये. द्या ते इकडे."

"कोण तुम्ही?" ह्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता तसा झाला. "कोणाच्या सांगण्यावरून आलात? मागे व्हा. पाणी अडवाल तर याद राखा."

तिनं हात पुढे केला आणि ह्यांनी हँडल उगारलं. तिच्यावर. जिला ताप आला की रात्र रात्र खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचे तिच्यावर.

मी पुढे झाले. जवळ गेले नाही, चार हात लांब उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, "साहेब, निरोप आलाय. पाणी पोचलं टेलला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोचलं?"

"पोचलं. चाऱ्या भरल्या. जेवायला चला."

"मग ठीक आहे," म्हणाले. हँडल खाली केलं आणि माझ्या हातात दिलं. तोवर त्या बाईनं दुसरं हँडल आणून झडपा पाडल्याही. कोणाला लागलं नव्हतं. दोन कप आणि एक बशी फुटली होती. मुलगी पुन्हा पुन्हा माफी मागत होती, तर ती बाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "यू'र ग्रँड, लव्ह, यू'र ग्रँड," म्हणजे काही झालं नाही गं, असू दे. ह्यांनी त्या दोघांना नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना मुलगी गाडी चालवत होती. हे मागे डुलक्या घेत होते. मग मुलगी समोर बघतच म्हणाली, "आई, तुला ते कसं सुचलं?"

"काय?"

"पाणी पोचलं म्हणून. इतक्या पटकन. रोज म्हणत असल्यासारखी."

काचेवरची दांडी पाणी पुसत होती, पुसत होती.

"रोज नाही," मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांना झोपवलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. तिनं कपडेही बदलले नव्हते. "किती दिवस?"

"दोन वर्षं झाली."

"मी रोज फोन करत होते, आई. रोज."

"हो."

"पेपर वाचताहेत म्हणायचीस."

"पेपर हातात असायचा गं."

ती हसली, वाईट हसली. "डॉक्टर काय म्हणाले होते?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ही होडी ठरवली असतीस?"

"नसती!"

"म्हणून."

"आणि तिथं पाण्यात पडले असते तर? तिथं तुला पदर घेऊन पुढे जायला जमलं नसतं तर?" आवाज चढला तिचा, लहानपणी चढायचा तसा. मग एकदम बसला. "मला दोन वर्षं मिळाली असती, आई. मी आले असते. ते मला ओळखत असताना आले असते मी."

 मी होडीचा विचार केला होता. तिचा केला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला जावई म्हणाले, अजूनही जाता येईल. लॉक नसलेला सपाट कालवा शोधू, बाबा आत खिडकीशी बसतील, आपण सगळे लक्ष ठेवू. त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, "लॉक नसलेला कालवा त्यांनी बघायचा कशाला? आणि बसवून ठेवणार कसं, दोरीनं बांधून? नको. रद्द करा." मुलीनं कॉम्प्युटर उघडला, ते पान काढलं आणि तशीच बसली. तिच्याच्यानं होईना. मी म्हटलं, "कुठलं बटण ते दाखव." तिनं बोट दाखवलं. मी दाबलं.

त्यानंतर तिचं माझ्याशी बोलणं कामापुरतं झालं. गोळ्या दिल्या का, दार लावलं का. रागावली होती आणि तिचा राग खरा होता. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या दिसायच्या सकाळी, पण माझ्यासमोर रडली नाही.

आणि मी वाट बघत होते, हे कधी विचारतात त्याची. "होडीचं कधी निघायचं?" असं विचारणारच. उत्तर घोकून ठेवलं होतं. पाळी बंद आहे, कालव्याची दुरुस्ती काढलीय, पाणी सोडलं की जाऊ. हे त्यांना पटलं असतं, खात्याच्या माणसाला दुरुस्ती पटते. भांडी विसळताना मी ते हळूच म्हणून बघायची, आवाज खोटा वाटू नये म्हणून. एक दिवस गेला, चार गेले. नकाशा टेबलावरच होता, त्याच्या कडेला ताट ठेवून हे जेवत होते. एकदा आमटीचा थेंब त्यावर सांडला तर बोटानं पुसून टाकला आणि जेवत राहिले. विचारलंच नाही. मग नातीनं काही न बोलता तो कागद गुंडाळला आणि आपल्या खोलीत नेला. टेबल रिकामं झालं तरी विचारलं नाही. इतक्या वर्षांचा ध्यास, आणि तो गेला कुठल्या वाटेनं ते मला कळलंही नाही. विचारतील या भीतीनं मी जेवढी झुरले होते त्याच्या दुप्पट आता ते विचारत नाहीत म्हणून झुरायला लागले.

ज्या शनिवारी आम्ही निघणार होतो तो उजाडला. मुलीची रजा आधीच मंजूर झालेली, ती तिनं बदलली नव्हती, म्हणून घरीच होती. मी पोहे भिजवत होते. बघते तर हे दिवाणखान्यात आले, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पँट, पायात बूट, हातात आमची खांद्याची पिशवी. म्हणाले, "चला, निघू या."

माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली.  आजच. बरोबर आजच्या दिवशी. म्हटलं, आहे, कुठेतरी आहे अजून, यांनी तारीख धरून ठेवली होती आणि मी इथं... मुलगी जिन्यात होती, तीही थांबली. मी विचारलं, "कुठे निघायचं?"

"कुठे म्हणजे? घरी." त्यांनी आवाज खाली केला. "लोकांकडे किती दिवस राहायचं? चांगली माणसं आहेत, ती काही बोलणार नाहीत. आपल्यालाच कळायला हवं."

मी जिन्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ह्यांनीही तिकडे पाहिलं, पिशवी काखेत धरली आणि तिला हात जोडले. "येतो आम्ही. फार केलंत तुम्ही आमचं."

मला वाटलं, आता ही कोसळणार. ती दोन पायऱ्या उतरली, कठड्याला धरून उभी राहिली. मग खाली आली.

"असं कसं?" म्हणाली. "चहा टाकतेय मी. चहा घेऊन मग निघा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, घ्यायचा का म्हणून. मी म्हटलं, "घेऊ या. एवढ्या म्हणताहेत तर." त्यांनी दाराशी जाऊन बूट काढले, जोडीनं ठेवले आणि खुर्चीच्या कडेवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मुलगी आधणाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून.  मग तिनं मागे न बघता डावा हात माझ्याकडे केला, मी तो धरला, आणि तिनं विचारलं, "साखर किती घालू तुम्हाला?"

"दीड चमचा," हे म्हणाले. "त्रास नाही ना?"

"नाही हो," ती म्हणाली.